पन्हाळ्याचा काळा दगड आणि कवरत्तीची पांढरी वाळू

पन्हाळा-जोतिबाचा काळा दगड आणि लक्षद्वीपची पांढरीशुभ्र वाळू यांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण झोतानं दख्खनवर लाव्हा ओतला, तो झोत अजून जिवंत आहे आणि आज त्याच्यावर मॉरिशसशेजारचं रियुनियन बेट उभं आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. झोत जागेवर राहिला, भारताची जमीन उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे समुद्राच्या तळावर ज्वालामुखींची रांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही बेटं त्याच रांगेच्या माथ्यावर बसली आहेत.

पण लक्षद्वीपला गेलात तर काळा दगड एकही दिसणार नाही. ज्वालामुखी विझले, थंड झाले आणि स्वतःच्या वजनानं खचत पाण्याखाली गेले. त्यांच्या काठाला धरून वाढणारं प्रवाळ खाली जायला तयार नव्हतं, कारण त्याला ऊन लागतं. डोंगर जेवढा खचला तेवढं ते वर चढत राहिलं. चार्ल्स डार्विननं 1842 साली मांडलेला हा विचार पुढे पॅसिफिकमधल्या खोल विंधणांनी खरा ठरवला. शेवटी डोंगर दिसेनासा झाला आणि पाण्याच्या पातळीला प्रवाळाचं कडं तेवढं उरलं. भूगोलाच्या पुस्तकात आपण कंकणद्वीप शिकलो ते हेच. कड्याच्या आत उथळ, हिरवट-निळं, शांत पाणी म्हणजे लगून, आणि कड्यावर लाटांनी साठवलेल्या प्रवाळाच्या चुऱ्याचा लांबट ढीग म्हणजे बेट. जवळपास सगळी बेटं कड्याच्या पूर्वेच्या अंगाला आहेत आणि लगून पश्चिमेला, त्यामुळे पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या लाटा आधी पश्चिमेच्या कड्यावर फुटतात. आंद्रोत हा अपवाद. ते पूर्व-पश्चिम आडवं पडलंय आणि त्याला म्हणावं असं लगूनच नाही.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर 32 चौरस किलोमीटर. कोल्हापूर महापालिकेची हद्द जवळपास 67 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्खा केंद्रशासित प्रदेश आपल्या शहराच्या निम्म्यात बसतो. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473. माणसं राहतात ती दहा बेटांवर: राजधानी कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत, बित्रा, आंद्रोत, कल्पेनी आणि मिनिकॉय. आंद्रोत सगळ्यात मोठं, तरी पाच चौरस किलोमीटरच्या आतच. बित्रावर त्या जनगणनेत 271 माणसं होती. आपल्याकडची एखादी वाडीसुद्धा त्याहून मोठी असते. जमीन जेमतेम असली तरी या बेटांमुळे देशाच्या हक्काचा समुद्र सुमारे चार लाख चौरस किलोमीटरनं वाढतो.

आता पाण्याबद्दल, आणि इथे जरा थांबायला हवं. फोटो बघून लोक समुद्राचंच बोलतात, पण या बेटांचा खरा जीव जमिनीखालच्या गोड्या पाण्यात आहे. तिथे नदी नाही, ओढा नाही, तळं बांधायला खडक नाही. वर्षाला सुमारे 1600 मिलिमीटर पाऊस पडतो तो थेट वाळूत मुरतो. खाली सगळीकडे समुद्राचं खारं पाणी आहेच. गोडं पाणी त्याच्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, मधे जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जाणारं, भिंगासारखं. हिशोब सोपा आहे. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या चाळीस पट ते खाली गेलेलं असतं. पण समुद्रसपाटीच्या वर ते काही सेंटिमीटरच असतं, आणि भरती-ओहोटी रोज दोन्ही पाणी घुसळते, त्यामुळे हातात येणारा गोडा थर काही मीटरांचाच. विहिरीतली पातळीसुद्धा भरतीबरोबर थोडी वर-खाली होते.

करवीर-कागलातल्या विहीरवाल्याला पाणी कमी पडलं की पहिला विचार येतो तो आणखी खोल जायचा, नाहीतर मोटारीचा हॉर्सपॉवर वाढवायचा. बेटावर हे दोन्ही घातक. खोल गेलात की गोडा थर संपून खारं लागतं. मोठी मोटर लावली तर चाळीस पटीचा तोच हिशोब उलटा फिरतो: वर पाणी एक सेंटिमीटर उतरलं की खालून खारं पाणी चाळीस सेंटिमीटर वर येऊ पाहतं, नेमकं विहिरीच्या तळाखाली. एकदा विहीर खारट झाली की मोटर बंद करून भागत नाही, पुढचे पाऊसकाळ तिला धुऊन काढेपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून तिथली चांगली विहीर उथळ, रुंद आणि हातानं शेंदायची. मोटर लावायचीच तर लहान, आणि एका जागी उपसण्यापेक्षा चार जागी थोडं थोडं.

दुसरा धोका शेजारून येतो. घराघराला विहीर आणि घराघराला शोषखड्डा, आणि चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं. वाळू पाणी गाळत नाही म्हटलं तरी चालेल, ते सरळ पलीकडे जातं. त्यामुळे विहिरीचं पाणी चवीला गोड लागलं तरी पिण्याआधी उकळावंच. पिण्याच्या पाण्यासाठी पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, आणि 2005 पासून कवरत्तीत समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालतो, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं तो बांधला. वरचं कोमट समुद्राचं पाणी निर्वात टाकीत सोडायचं, तिथे दाब कमी म्हणून त्यातलं थोडं लगेच वाफ होतं. साडेतीनशे मीटर खोलीवरून थंडगार पाणी पाइपनं वर आणायचं आणि त्यानं ती वाफ थंड करायची. जे ठिबकतं ते गोडं पाणी. इंधन जाळून पाणी तापवायचं नाही, वीज लागते ती पंपांना. कड्याबाहेर समुद्र एकदम खोल होतो म्हणूनच एवढ्या जवळून इतकं थंड पाणी मिळतं. बुडालेल्या ज्वालामुखीचा उभा उतार असा उपयोगी पडलाय. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले.

प्रवाळावर जशी जमीन, तशीच रोजीरोटीही. इथली मुख्य मासेमारी ट्यूनाची, कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच्या जातभाईची. पद्धत गळ-काठीची आणि मूळची मिनिकॉयची. पहाटे आधी लगूनमध्ये जाळं टाकून बोटभर लांबीचे जिवंत मासे पकडायचे. ते होडीच्या पोटातल्या अशा हौदात ठेवायचे की ज्याच्या तळाला भोकं आहेत, म्हणजे समुद्राचं ताजं पाणी आतबाहेर खेळतं राहतं आणि मासे मरत नाहीत. मग कड्याबाहेर जाऊन पक्ष्यांचा थवा शोधायचा. थवा जिथे सूर मारतोय तिथे खाली ट्यूना आहे. एक जण मुठीमुठीनं जिवंत मासे फेकतो, मागच्या फळीवरून पाण्याचे फवारे उडतात, आणि पृष्ठभाग खळबळला की ट्यूनाला वाटतं भक्ष्य भरपूर आहे. मग फळीवर ओळीनं उभे असलेले लोक काठ्या टाकतात. गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की काठी एका झटक्यात मागे, मासा डोक्यावरून होडीत पडतो आणि गळ आपोआप सुटतो. थवा टिकतो तो थोडाच वेळ, त्यात हातानं गळ सोडवत बसायला सवड नसते.

यात बिघडतं ते आमिषापाशी. त्या लहान माशांतल्या कित्येक जाती प्रवाळाच्या फांद्यांत राहतात. समुद्र जास्त तापला की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, आणि उष्णता लांबली तर मरतं. 1998, 2010, 2016 आणि 2024 साली लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. प्रवाळ गेलं की आमिष कमी, आणि आमिष नसेल तर समोर ट्यूनाचा थवा उसळत असला तरी होडी रिकामी परतते.

ताजा मासा मुख्य भूमीवर पोचवणं अवघड, म्हणून त्याचं मासमीन करतात. डोकं आणि पोट काढून मासा उभा चार तुकड्यांत चिरायचा, खाऱ्या पाण्यात तासभर उकळायचा, काटे काढायचे, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरायचा आणि मग कित्येक दिवस कडक उन्हात वाळवायचा. पाच किलो ताज्या माशाचं वाळून किलोभर होतं, लाकडासारखं टणक. नीट वाळलेलं वर्षभर टिकतं. आतून ओल राहिली तर बुरशी धरते आणि सगळा माल जातो, म्हणून ढग आले की आधी मासे झाकायला धाव घेतात. खाताना किसून किंवा कुटून, खोवलेल्या नारळाबरोबर.

नारळ तर सगळीकडेच. फळ लहान असतं पण खोबऱ्यात तेल भरपूर. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, तासून काढलेल्या गोड रसाला तिथे मीरा म्हणतात. मडक्याला आतून चुना लावला नाही तर दुपारपर्यंत ती आंबते. आटवून तिचा गूळ करतात आणि काकवीसारखा दाट पाकही. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला ती कढई बघून काही समजावून सांगावं लागणार नाही, फक्त उसाच्या जागी माड. उंदीर हा माडाचा मोठा शत्रू, शेंड्यावरच मुक्काम करून कोवळी फळं पोखरतो. सोडणं लगूनच्या काठी वाळूत पुरून महिनोन्‌महिने कुजवतात, मग बायका बडवून काथ्या काढतात. एकेकाळी कण्णूरच्या अरक्कल घराण्याची या काथ्यावर मक्तेदारी होती, बेटकऱ्यांना तो ठरलेल्या दरानं तिथेच द्यावा लागे. या जाचाला कंटाळून अमिनीकडची बेटं 1780 च्या दशकात टिपू सुलतानाकडे गेली आणि 1799 नंतर इंग्रजांकडे. 1 नोव्हेंबर 1956 ला सगळी बेटं मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. लक्षद्वीप हे नाव 1973 चं.

लोक जवळपास सगळे मुसलमान आणि इथले मूळ रहिवासी बहुतेक सगळे अनुसूचित जमातीत. भाषा मल्याळमचं एक जुनं रूप, तिला जेसरी म्हणतात. घराणं मात्र आईच्या बाजूनं चालतं. घराण्याची सामाईक मालमत्ता शुक्रवारची, ती आईकडून मुलींच्या वंशात जाते आणि एकट्याला विकता येत नाही. स्वतः कमावलेली ती सोमवारची, तिची वाटणी शरियतप्रमाणे. जुन्या रीतीत नवरा रात्री बायकोच्या घरी जाई आणि दिवसा आपल्या आईच्या घरी असे. आता वेगळी घरं वाढली आहेत, पण जमिनीचा वाद निघाला की आधी विचारतात तो वारच.

मिनिकॉय सगळ्यांहून निराळं. इतर बेटांपासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, मालदीव त्याला कवरत्तीपेक्षा जवळ. तिथले लोक बेटाला मलिकू म्हणतात. भाषा महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीचीच बहीण, आणि लिपी उजवीकडून डावीकडे. बेट गावा-गावांत वाटलेलं, गावाला पुरुष मुखिया वेगळा आणि बायकांची मुख्य वेगळी. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी, त्यामुळे गाव चालवण्याचं बरंचसं काम बायकांकडे. 1885 चं दीपगृह अजून उभं आहे. एकच बेट बघायचं असेल तर मी हेच सांगेन.

कोल्हापुरातून जायचं तर आधी कोची. मिरजेहून पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदा आहे. भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. ओळखपत्र, फोटो आणि आपल्या पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला या गोष्टी महिनाभर आधी तयार ठेवा, दाखल्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. परवान्यावर जे बेट लिहिलंय त्याच बेटावर उतरता येतं. विमान अगत्तीपर्यंतच. धावपट्टी तोकडी असल्यानं तिथे लहान विमानंच उतरतात आणि सामानाचं वजन काटेकोर बघतात. जहाजाला बेटाप्रमाणे 14 ते 18 तास. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच जा.

जहाज कित्येकदा लगूनमध्ये शिरू शकत नाही, मग भर समुद्रात लहान होडीत उतरावं लागतं. होडी लाटेवर वर आली की तेवढ्यात पाय टाकायचा, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे ठेवा, सामान खलाशी देतील. उलटीची गोळी जहाज सुटायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर ती पोटात राहत नाही. परतीचं रेल्वे तिकीट जहाजाच्या दिवशीचं काढू नका, मधे दोन दिवस सोडा. दारूला बंगारम हे पर्यटकांचं बेट सोडून सगळीकडे बंदी आहे. प्रवाळाचा तुकडा, अगदी किनाऱ्यावर मरून पडलेलासुद्धा, पिशवीत घालू नका, वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे आणि परतताना सामान तपासतात. पाण्यात उतरताना रबरी तळाचे बूट घाला, प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, आणि जिवंत प्रवाळावर तर पाय ठेवूच नका.

आणि तिथे ज्या घरी उतराल तिथे नळाला धार आली तरी आंघोळ एका बादलीत उरका. ते पाणी मागच्या अंगणातल्या विहिरीचं असतं.