माहेरी बिसलेरी

आधीच कबूल करून टाकते, यावेळी मी माहेरी जाताना पाण्याच्या बाटल्यांचं अख्खं बॉक्स नेलं. एक लिटरच्या बारा बाटल्या. अमरावती स्टँडवर घेतलं आणि खांद्यावर बॅग, एका हातात पोट्टं, दुसऱ्या हातात ते बॉक्स अशी वरात दर्यापूरच्या बसकडे निघाली, तर फलाटावरचे एक काका म्हणतात, "बाई, घरी लगन हाय काय?"

लग्न नव्हतं हो. दिवाळीत गेलो होतो तेव्हा परत आल्यावर पोट्ट्याचं पोट चार दिवस बिघडलेलं, डॉक्टर म्हणाले पाणी बदललं असेल, आणि मग नवऱ्याने ते वाक्य असं काही धरून ठेवलं की विचारू नका. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. विहीर खणा, बोअर मारा, जे लागेल ते खारंच. मी तिथेच वाढले, पण आता नागपूरला राहून मला पण भीती वाटायला लागली ना. लाज वाटली थोडी, पण बॉक्स घेतलंच.

नवऱ्याला शनिवारी ड्यूटी, म्हणून आम्ही दोघंच. नागपूर ते बडनेरा रेल्वे, तिथून ऑटो, मग एसटी. कंडक्टरने विचारलं पोराचं वय किती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं "साडेचार." पाच वर्षांच्या आत तिकीट नाही ना. तर हा लगेच, "नाही आई, पाच! माझ्या केकवर पाच होता!" सगळी बस हसली. कंडक्टरने पण काही लेक्चर दिलं नाही, शांतपणे म्हणाला, "तुमचं महिलांचं हाफ, याचं हाफ, झालं ना एक फुल." २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हिशोब अगदी बरोबर होता. तरी पुढचा अर्धा तास मी खिडकीबाहेरच बघत बसले.

वलगावला पेढी नदीचा पूल आला तसे माझे हात आपोआप जोडले गेले. लहानपणी आई या पुलावर हात जोडायला लावायची, तीच सवय. पोट्ट्याने विचारलं काय झालं, म्हटलं इथे गाडगेबाबा गेले, २० डिसेंबर १९५६ ला. "कुठे गेले?" आता काय सांगणार! शेजारी टोपीवाले एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, "देवाघरी गेले बापा." "मग परत कधी येणार?" आजोबांनी खाली बघितलं, बसमध्ये नुसती शेंगांची टरफलं आणि पुड्यांचे कागद, आणि म्हणाले, "त्येच तं वाट पाहून रायलो ना आपण." त्यात आमच्या बिस्किटच्या पुड्याचा कागद पण होता, मी गुपचूप उचलून पर्समध्ये टाकला. गाडगेबाबा स्वतः मामाच्या घरी वाढले, तिकडे मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला. हे मी पोट्ट्याला सांगितलं तर तो म्हणे त्यांच्याकडे पण बकरी होती का. असेलच म्हटलं.

दर्यापूरला बाबा फटफटी घेऊन उभे. मध्ये शकुंतला रेल्वेचा रूळ लागला, गवतात हरवलेला. मी लहान असताना या नॅरोगेजच्या गाडीत बसून मूर्तिजापूरला गेलेय, चालत्या गाडीतून उतरून लोक पुन्हा चढायचे असं बाबा अजून सांगतात, खरं खोटं त्यांनाच माहीत. पोट्ट्याला वाटलं खेळण्यातली रेल्वे आहे, कारण रूळ एवढेसे. आम्ही तिघं, बॅग आणि मांडीवर बॉक्स. बाबांनी बॉक्सकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही. तेच जास्त लागलं मला.

आईने मात्र दारातच विचारलं. "अव माय, हे काय आणलं वं? आमच्या घरी पानी नाई काय?"

"लेकराचं पोट नाजूक अस्ते," बाबा मध्येच बोलले, "राहू दे."

आईच्या घरात पाण्याचे दोन संसार आहेत, हे नवीन माणसाला कळत नाही. एक वापराचं, म्हणजे अंगणातल्या बोअरचं खारं, ते भांडी, कपडे, आंघोळ. साबणाला फेस येत नाही, डोक्याचे केस आठवड्यात झाडूसारखे होतात. दुसरं गोडं पाणी, ते पाइपलाइनने येतं, तिकडे मेळघाटच्या पायथ्याला शहानूरचं धरण आहे तिथलं. नळ रोज येत नाही, आला की गल्लीत जत्रा, आणि मग ते तांब्याच्या गुंडात, हंड्यांत, ड्रममध्ये झाकून ठेवायचं. प्यायला आणि स्वयंपाकाला फक्त हेच, कारण खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. कुकरच्या सहा शिट्ट्या होवोत नाही तर दहा, दाणा आपला टणक तो टणक. म्हणजे मी ज्या पाण्याला भिऊन बाटल्या नेल्या ते पाणी आई पाव्हण्यांना देतच नव्हती. हे मला माहीत होतं. तरी नेल्या. आता बोला.

शनिवारी संध्याकाळी आई चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होती, मीठ घालून, मोठ्या गंजात. डिसेंबरात हेच सुख. मी शेंगा सोलत मोबाईलला रेंज शोधत गच्चीवर, बाबा कोठ्यात, आणि पोट्टं अंगणात बकरीच्या पिल्लासोबत. एकदम शांतता झाली. लहान पोरांच्या घरात शांतता झाली की समजून जायचं. खाली येऊन बघते तर साहेबांनी स्वयंपाकघरातला गोड्या पाण्याचा हंडा ओट्याच्या कडेपर्यंत ओढत आणून कलंडवलेला, त्यातलं बादलीत भरून पिल्लाला आंघोळ चाललेली. उरलेलं सगळं दारातून अंगणात, काळ्या मातीत, आणि आमची काळी माती म्हणजे ओली झाली की चपलेसकट धरून ठेवते. पिल्लू थरथरतंय, हा म्हणतो, "आई, त्याला वास येत होता."

मी एक धपाटा घातला. घालायला नको होता, पण घातला. नळाला अजून किती दिवस लागणार याचा पत्ता नाही, आणि आईचा हंडा मातीत. तो रडायला लागला, पिल्लू ओरडायला लागलं, आई काहीच न बोलता फडकं घेऊन फरशी पुसायला लागली. कोठ्यातून बाबा आले, सगळं बघितलं आणि म्हणाले, "मारू नको वं. बकरीले बी कधी तं गोडं पानी भेटलं."

आईला हसू आवरेना. मग कमरेवर हात ठेवून मला म्हणते, "आन इकडं तुह्या बाटल्या."

तर त्या रात्री आमच्या घरी बाटलीच्या पाण्यात वरण शिजलं. आई एकेक झाकण मोडत होती आणि प्रत्येक झाकणाला "केवढ्याची हाय हे?" विचारत होती. मी किंमत सांगितली तर तिने दुसरी बाटली अर्धीच ओतली. तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी. वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. बाबा दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाले शहरातलं वरण लय नरम अस्ते बा. कोणाला टोमणा होता कळलं नाही. मला असावा.

रात्री अडीचला पोट्टं उठून बसलं, पोट दुखतंय. माझं डोकं लगेच पाण्याकडे. बकरीची बादली चाटली असेल, खारं पाणी प्यायला असेल, नवरा काय म्हणेल. आईने त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, शेंगा किती खाल्ल्या रे? त्याने बोटं मोजली, मग पायाची पण मोजायला लागला. ओवा आणि शेक. अर्ध्या तासात घोरत होता. मी मात्र पहाटेपर्यंत जागी.

म्हणूनच रविवारी सकाळी बाबांसोबत मी पण वावरात गेले. थंडी होती, हरभऱ्यावर दव पडलेलं. आमच्याकडे विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर ओलीत करता येत नाही, पिकं जळतात, जमीन चिकट होऊन बसते, म्हणून हरभरा जमिनीतल्या ओलीवरच, नाही तर कोणी शेततळं खोदून पावसाचं पाणी अडवलं असेल तर एखादं पाणी देतात. बाबांनी आदल्या रात्रीच एक पांढरं धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरवून ठेवलं होतं. ते उचललं तर दवाने जड झालेलं. वाटीत पिळलं, दोन चमचे निघालं असेल. ही आंब. पोट्ट्याने बोट बुडवून चाटलं आणि त्याचा एक डोळा बंद झाला, खांदे वर गेले, अंग शहारलं, आणि लगेच पुन्हा बोट वाटीत. चिंचेपेक्षा वेगळं आंबट, जीभ सोलणारं. पोटाला बरी म्हणून आमच्याकडे जपून ठेवतात. मग तो नुसता पाल्यावरून हात फिरवून चाटत सुटला, हा धुरा ते तो धुरा.

तिथून विहिरीवर. बाबांनी बादली ओढली आणि पोट्ट्याच्या ओंजळीत थोडं दिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात गप्प बसले. घोट घेतला, फुर्रकन थुंकला.

"आबाजी, यात मीठ कोणी टाकलं?"

"कोनं टाकलं कोन जाने. माह्या बापानं बी असंच थुकलं होतं."

"मग तुम्ही?"

"म्या बी."

"आणि आई?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तुह्या मायनं तं गिळलं होतं. लय हट्टी होती." मला हे अजिबात आठवत नाही.

दुपारी निघताना आईने रिकाम्या बाटल्या धुऊन उन्हात वाळवल्या होत्या. एकीत तुरीची डाळ, एकीत तीळ, एकीत हरभरे, एकीत जवसाची चटणी, आणि उरलेल्या भरलेल्या बाटल्या तिने ठेवून घेतल्या, "वरनाले कामी येतीन" म्हणून. येताना बॉक्स जेवढं जड होतं त्यापेक्षा जाताना जास्त. शेवटच्या बाटलीत पोट्ट्याने विहिरीचं पाणी भरून घेतलं, शाळेत दाखवायला. मी नाही म्हटलं, बाबा हो म्हणाले, विषय संपला.

नागपूरला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. पोट्टं ऑटोतच झोपलेलं, मी तशीच त्याला घेऊन आडवी झाले, बॅग हॉलमध्ये पडलेली. सकाळी नवरा वॉकवरून घामाघूम आला, टेबलावर बाटली दिसली, झाकण उघडून गटागटा अर्धी रिकामी केली आणि मग बेसिनकडे पळत सुटला.

पोट्टं दारात उभं राहून ओरडलं, "बाबा! ती आबाजीची इहीर होती!"