दोरा बांधलेल्या पेन्सिली

आमच्या घरी रंगपेन्सिलींची डबी आणली की आठवड्याभरात बाराच्या सात होतात. निळी सोफ्याखाली, हिरवी दप्तराच्या फाटक्या अस्तरात, आणि तांबडी कुठे जाते ते आजवर कळलेलं नाही. पोटावर पडून सोफ्याखाली केरसुणी फिरवताना मला हटकून अलेक्सी लिओनोव आठवतो. त्याच्या पेन्सिली दोऱ्याने बांधलेल्या होत्या.

यानाबाहेर पडून अंतराळात तरंगलेला हा पहिला माणूस, सोव्हिएत अंतराळवीर. 18 मार्च 1965, यान 'वोस्खोद-2', बाहेर 12 मिनिटं 9 सेकंद. पोकळीत पोशाख असा फुगला की बोटं हातमोज्यांतून मागे सरली आणि आत शिरता येईना. झडप उघडून पोशाखातली थोडी हवा सोडली, तेव्हा कुठे जमलं. परतताना यान भरकटून बर्फाळ जंगलात उतरलं ते वेगळंच. आणि या सगळ्या धामधुमीच्या सफरीत गृहस्थाने सूर्योदयाचं चित्र काढलं! माणसाने अंतराळात काढलेलं पहिलं चित्र. तिथे पेन्सिल खाली पडत नाही, पण हातातून सुटली की तरंगत कुठल्या फटीत जाऊन बसेल याचा नेम नाही. म्हणून दोरा.

सायबेरियातल्या खेड्यात जन्मलेला हा पोरगा लोकांच्या घरच्या भट्ट्यांवर फुलं रंगवून घराला हातभार लावायचा. पुढे रीगाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला, पण खर्च झेपेना. मग हवाई दल. फीचे पैसे जमले असते, तर अंतराळात पहिलं पाऊल दुसऱ्याच कुणाचं पडलं असतं.

1975 मध्ये सोव्हिएत यान सोयूझ आणि अमेरिकन यान अपोलो अंतराळात जोडली गेली, तेव्हा सोयूझचा कमांडर हाच. पाहुण्या अमेरिकनांच्या हाती त्याने व्होडकाची लेबलं लावलेल्या ट्यूब दिल्या. आत निघालं बिटाचं सूप. त्यांची चित्रंही काढली. अंतराळवीरांच्या प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झाल्यावर तो चक्क एका बँकेचा उपाध्यक्ष झाला. 2019 मध्ये, 85व्या वर्षी गेला. बँकेतल्या त्या वर्षांबद्दल मला फारसं कुतूहल नाही. चित्रं मात्र त्याने सोडली नाहीत.

परवा मीही लेकीच्या उरलेल्या सात पेन्सिलींना दोरे बांधले. तिने एक उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाबा, आता हिला टोक कसं करायचं?"