आखेनहून शनिवार-रविवार: जवळचं आधी, लांबचं नंतर

बडोद्याहून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या याद्या साधारण सारख्याच असतात: पॅरिस, रोम, बार्सिलोना, प्राग, आणि हे सगळं पहिल्याच सेमिस्टरमध्ये. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकणाऱ्या आम्हा बडोदेकरांचं मत वेगळं आहे. पहिल्या वर्षी खोलीपासून दोन तासांच्या आत जे आहे, तेच नीट बघावं. आखेन जर्मनीच्या पश्चिम टोकाला आहे. नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या हद्दी गावाला लागूनच आहेत. एका बाजूला कोलोन, दुसऱ्या बाजूला मास्ट्रिख्त आणि लिएज. एवढं हाताशी असताना शनिवारची सकाळ विमानतळाच्या रांगेत घालवू नये.

स्वस्त विमानाचं तिकीट दिसतं तेवढं स्वस्त नसतं. ही विमानं बहुधा मुख्य विमानतळावर उतरत नाहीत. पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि ब्रसेल्सच्या नावाचं शार्लरुआ सुमारे ५० किलोमीटरवर. तिथून शहरात येणाऱ्या बसचं भाडं वेगळं. सीटखाली मावेल एवढीच पिशवी फुकट, त्याहून मोठी असेल तर दारातच पैसे मोजावे लागतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो हातात येतात. त्यातून खोलीचं भाडं, आरोग्यविमा आणि किराणा गेल्यावर जे उरतं, त्यात असा एक शनिवार-रविवार फार जड जातो.

कागदपत्रांबद्दल एकदा नीट वाचून घ्या, कारण इथली चूक पैशाने सुटत नाही. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा किंवा निवास परवान्याचं कार्ड असलं, की शेंगेनमधल्या, म्हणजे आपसातल्या हद्दी खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय गटातल्या, बाकी देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. जर्मनीत घालवलेले दिवस यात धरत नाहीत. मात्र मूळ पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही खिशात हवेत, मोबाईलमधला फोटो चालत नाही. सीमेवर चौकी दिसत नाही म्हणून तपासणी होतच नाही असंही समजू नका. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि पोलीस बस किंवा गाडीत चढून कागद मागतात. परवान्याचं नूतनीकरण अडकलं असेल तर मधल्या काळात फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो. त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ चं चौथं पोटकलम नोंदलेलं असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसरं पोटकलम असेल तर बाहेर पडू नका, परत येताना प्रवेश मिळणार नाही. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत, त्यांना वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे तिथे मोबाईलचं रोमिंग फुकट असेलच असं नाही. हद्द ओलांडण्याआधी डेटा बंद करा.

जर्मनीतल्या फिरण्याचा पाया म्हणजे डॉइचलांडटिकेट हे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो आहे. विद्यापीठाच्या फीमध्येच सेमिस्टर तिकीट येत असेल तर तेच ६० टक्के किमतीला पडतं. त्यात आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही उपनगरी गाडी, मेट्रो, ट्राम आणि शहरबस देशभर चालतात. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. नवीन मुलं नेमकी इथे फसतात: फलाटावर दोन गाड्या कोलोनलाच जाणाऱ्या असतात आणि पांढऱ्या वेगवान गाडीत चढलं, की विनातिकीट प्रवासाचा दंड बसतो. तिकीट नावावर असतं, म्हणून सोबत ओळखपत्रही ठेवावं.

रुळांची दुरुस्ती जर्मन रेल्वे बहुतेक शनिवार-रविवारीच काढते. ॲपमध्ये एसईव्ही ही तीन अक्षरं दिसली तर मधला टप्पा बसने करायचा आहे असं समजा आणि वेळ दीडपट धरा. ही बस नेहमी स्टेशनच्या पुढच्या दारातूनच सुटते असं नाही, त्यामुळे थांबा कुठे आहे ते आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवावं.

सुरुवात आखेनच्या कॅथेड्रलपासूनच करा. सम्राट शार्लमेनने बांधवलेलं अष्टकोनी चॅपल हा त्याचा गाभा. ८०५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली आणि १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्यावहिल्या यादीत त्याचं नाव आलं. आत गेल्यावर बहुतेकांची नजर छताच्या मोझेकवर जाते, पण आम्ही सांगू की वरच्या मजल्याच्या कमानींतले खांब बघा. यातले काही शार्लमेनने इटलीहून, रोम आणि राव्हेन्नाहून आणवले. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने खांब उखडून पॅरिसला नेले. पुढे बरेच परत आले, पण काही आजही पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहेत. सम्राटाचं सिंहासन वरच्या मजल्यावर आहे आणि ते फक्त मार्गदर्शकासोबतच्या फेरीत दिसतं. त्या फेरीचं तिकीट समोरच्या माहिती केंद्रात मिळतं.

पुढचा शनिवार कोलोनला द्या. आरई १ किंवा आरई ९ ने सुमारे एक तास लागतो, आणि स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की डोम, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, समोर उभा. १२४८ मध्ये काम सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं, १८४२ मध्ये पुन्हा हाती घेतलं आणि १८८० मध्ये पुरं झालं. आपला बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस १८९० चा. म्हणजे ज्या मनोऱ्यांना आपण मध्ययुगीन समजतो, ते पुरे होणं आणि आपला राजवाडा पुरा होणं यात दहाच वर्षांचं अंतर आहे. हे लक्षात ठेवून आत गेलात तर डोम वेगळा दिसतो.

खिडक्यांसाठी किमान दीड तास ठेवा. तीन काळांच्या तीन कारागिऱ्या इथे एका छताखाली आहेत. सर्वांत जुनी, सुमारे १२६० ची बायबल खिडकी मागच्या अर्धवर्तुळात मधल्या चॅपलमध्ये आहे. तिथे काच वितळलेली असतानाच तिच्यात रंग मिसळलेला आहे. रंगीत काचेचे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवले आहेत, आणि चेहरे, वस्त्रांच्या चुण्या एवढंच काळसर रंगाने काढून भट्टीत पक्कं केलं आहे. दुसऱ्या, म्हणजे १८४८ मध्ये बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाने दिलेल्या दक्षिणेकडच्या खिडक्या बघा. इथे काचेचा कॅनव्हास झाला आहे. मोठ्या तावदानांवर तैलचित्रासारख्या छटा रंगवल्या आहेत. तिसरी गेरहार्ड रिख्टर यांची, २००७ ची: ७२ रंगांचे ११ हजारांवर चौकोन, एकही आकृती नाही. ही दक्षिणेला आहे, म्हणून उन्हाच्या दिवशी दुपारी बारा ते दोनमध्ये पोचा. तेव्हा तिचे रंग समोरच्या दगडावर उतरतात. ढगाळ दिवशी अर्धीच मजा. आणि आकाश निरभ्र मिळण्याची हमी या भागात कोणी देत नाही, म्हणून हवामान बघून शनिवार ठरवा, तिकीट तर महिन्याचं आहेच.

बडोद्याच्या मुलांना आमचा आग्रह असा, की निघण्याआधी राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या बेल्जियन रंगीत काचा आणि सयाजीबागेतली पिक्चर गॅलरी सावकाश बघा. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि नंतर अनेकदा गेले. गॅलरीतल्या युरोपियन चित्रांची निवड त्यांनी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून करवून घेतली. आपण शाळेच्या सहलीत त्या दालनातून पाच मिनिटांत बाहेर पडतो. तिथे तासभर थांबलेल्या माणसाला युरोपातल्या मोठ्या संग्रहालयात कुठे थांबायचं ते कळतं.

डोमचा दक्षिण मनोरा चढायला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तिकीट वेगळं. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत फिरू देत नाहीत. मोठी बॅगही आत नेता येत नाही, ती स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून या.

रविवार हा जर्मनीतला बंदचा दिवस. सुपरमार्केटं बंद, काही बेकऱ्या सकाळी थोडे तास उघड्या, मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी चालू. म्हणून आम्ही जर्मनीतलं गाव शनिवारी ठेवतो आणि रविवारी हद्द ओलांडतो. मास्ट्रिख्तची दुकानं रविवारी उघडी असतात. आखेनहून ३५० नंबरची बस फाल्समार्गे तासाभरात पोचवते, किंवा थेट गाडी आहे. नेदरलँड्समध्ये बस-रेल्वेत बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना टेकवायचं असतं. चढताना मोबाईल टेकवला आणि उतरताना पाकिटातलं कार्ड, तर बँक खातं तेच असूनही यंत्र ते दोन वेगळे प्रवासी धरतं आणि दोन्हींवर जास्तीचे पैसे कापले जातात. तिथे घेतलेली पाण्याची बाटली जर्मनीच्या यंत्रात टाकून बाटलीची अनामत परत मिळत नाही, ती तिथेच देऊन या.

वाटेतल्या फाल्सला उतरून तीन देशांच्या हद्दी मिळतात त्या टेकडीवर चालत जाता येतं. उंची ३२२ मीटर, म्हणजे पावागडच्या निम्म्याहूनही कमी. युरोपातल्या नेदरलँड्सचा मात्र हाच सर्वांत उंच बिंदू. १८१६ ते १९२० या काळात इथे मोरेस्नेट नावाचा चौथा, तटस्थ प्रदेशही होता. त्यामागचं कारण जस्ताची खाण, जी कोणालाच सोडायची नव्हती.

लिएजला रविवारी सकाळीच जा, कारण म्यूज नदीकाठचा ला बात बाजार दुपारनंतर आवरतो. स्टेशन सांतियागो कालात्राव्हा यांनी रचलेलं, २००९ चं. तेच अर्धा तास घेतं. बेल्जियममध्ये एकाच गावाची पाटी तीन प्रकारे दिसते. लिएज म्हणजेच लुटिख आणि लाउक, आणि परतीच्या फलाटावर आखेनऐवजी एक्स-ला-शापेल किंवा आकेन लिहिलेलं असू शकतं. हे माहीत नसल्यामुळे समोरून गाडी निघून जाते.

शाकाहारी मंडळींनी बेल्जियमच्या प्रसिद्ध बटाट्याच्या फ्राइजबद्दल विचारूनच घ्यावं, कारण पारंपरिक पद्धतीत त्या गाईच्या चरबीत तळतात. दुकानदार आनंदाने सांगतो. वनस्पती तेल वापरणारी दुकानंही आहेत. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं आणि बहुतेक जेली गोळ्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. कोलोनकडे किसलेल्या बटाट्याचे थालीपीठवजा राइबेकुखन सफरचंदाच्या चटणीबरोबर मिळतात, ते जरूर खा. गाडीत खायला खाखरा आणि थेपल्यांसारखं काही नाही, वास येत नाही आणि चुरा कमी. घरच्यांनी मात्र बडोद्याहून येताना तूप, पनीर बॅगेत घालू नये. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि कस्टममध्ये ते काढून घेतात.

हे सगळं झाल्यावर गेंट आणि पॅरिस. गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये व्हान आइक बंधूंचं १४३२ मध्ये पुरं झालेलं वेदीचित्र आहे. वेळ आरक्षित करूनच जा. डाव्या बाजूचा खालचा एक फलक १९३४ मध्ये चोरीला गेला, आज दिसतो ती त्याची नक्कल. पॅरिसला आखेनहून थेट युरोस्टार ही वेगवान गाडी आहे, तीन तासांच्या आत. लूव्ह्र मंगळवारी बंद असतं, बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं. वय २६ च्या आत असेल आणि तुम्ही जर्मनीचे अधिकृत रहिवासी असाल तर प्रवेश मोफत आहे. नागरिकत्व भारतीय असलं तरी चालतं, पण विद्यार्थी ओळखपत्र नव्हे, निवास परवान्याचं कार्ड दाखवावं लागतं. मोफत तिकिटासाठीही वेळ ऑनलाइन आधी घ्या, नाहीतर दारातली रांग तुमची दुपार खाते. आत गेलात की आखेनचे खांब शोधा.

रविवारी परतताना शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. जोडगाडी चुकली तर पुढची सकाळीच. तरीही जर्मन रेल्वेच्या उशिरामुळे अडकलात, आणि पोचण्याची ठरलेली वेळ मध्यरात्र ते पहाटे पाच यांमधली असून किमान एक तास उशीर होणार असेल, तर टॅक्सीचे १२० युरोंपर्यंतचे पैसे परत मागता येतात. आधी स्टेशनवर कोणी कर्मचारी असेल तर त्याला विचारा, उशीर दाखवणाऱ्या फलकाचा फोटो घ्या, आणि टॅक्सीची छापील पावती घेतल्याशिवाय उतरू नका.