उबुंटू २४.०४ वर जुना पायथन प्रोग्रॅम: माझा अनुभव

लिनक्सवर पायथनचं काहीही अडलं की 'व्हेन्व्ह कर ना' एवढंच सांगून मोकळे होणाऱ्यांसाठी हे लिहितोय. व्हेन्व्ह, म्हणजे एका प्रोग्रॅमची पॅकेजेस (तयार कोडचे संच) बाकीच्यांपासून वेगळी ठेवणारं फोल्डर, केलं होतं. तरीही अडलो.

लॅपटॉप उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २२.०४ वरून २४.०४ वर नेला, तो भाग निर्विघ्न पार पडला. पावसाच्या नोंदींचे आलेख काढणारा एक जुना प्रोग्रॅम आहे, त्याच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजचं १.२२.४ असं नेमकं व्हर्जन बांधलेलं. जुनं व्हेन्व्ह अपग्रेडमध्येच मेलं, कारण आतली लिंक आता पायथन ३.१२ कडे जाते आणि पॅकेजेस बसलेली ३.१० च्या फोल्डरमध्ये. नवं केलं (त्यासाठी 'पायथन३-व्हेन्व्ह' एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या अवजाराने, वेगळं घ्यावं लागतं), पिप इन्स्टॉल दिलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं अवजार), आणि स्क्रीनभर लाल अक्षरं: पायथनच्याच 'पीकेजीयूटिल' मॉड्यूलमध्ये 'इम्पइम्पोर्टर' नावाचा भाग नाही.

याचा नमपायशी काय संबंध? जो तो सांगतो, सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं अवजार) अपग्रेड करा. केलं. तोच एरर. कंपायलर टाका, 'पायथन३-डेव्ह' (कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स) टाका. टाकलं. अक्षरशः तोच एरर! संताप याचा, की सल्ला देणाऱ्यांपैकी कुणीच लाल मजकुराचा मधला भाग वाचलेला नसतो. नमपाय १.२२.४ आलं तेव्हा ३.१२ नव्हतंच, त्यामुळे त्याची ३.१२ साठी तयार फाइल, म्हणजे व्हील, मिळत नाही. मग पिप सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून स्वतः बांधायला बसतं. त्या बांधकामासाठी ते आपलं एक वेगळं, तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट उभं करतं आणि त्यात नमपायने मागितलेलं जुनं सेटअपटूल्स आणतं. त्या जुन्याला 'इम्पइम्पोर्टर' हवा असतो, आणि ३.१२ मधून तो काढून टाकलाय. तुम्ही व्हेन्व्हमधलं सेटअपटूल्स कितीही नवं करा, या तात्पुरत्या खोलीत ते शिरतच नाही.

म्हणजे अडचण पॅकेजची नव्हती, पायथनच्या व्हर्जनची होती. व्हेन्व्ह पॅकेजेस वेगळी ठेवतं, पण ज्या पायथनने ते बनवलं तोच पायथन आत असतो.

शेवटी 'यूव्ही' घेतलं, पायथनची व्हर्जन्स आणि पॅकेजेस दोन्ही सांभाळणारं अवजार. 'यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१०', मग 'यूव्ही व्हेन्व्ह --पायथन ३.१०', मग 'यूव्ही पिप इन्स्टॉल'. सुडो (ॲडमिनचे अधिकार) नाही, सिस्टिमला हात नाही, व्हील सरळ उतरलं. चिडायलाही वेळ मिळाला नाही, इतक्या पटकन!

फक्त एक: यूव्हीच्या व्हेन्व्हमध्ये पिप आपोआप येत नाही. सवयीने नुसतं 'पिप' टाइप केलंत तर सिस्टिमचं पिप चालतं आणि 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून हाकलून देतं. तो नकार मला पटतो. सिस्टिमचा पायथन एपीटीचा आहे, उबुंटूची स्वतःची बरीच अवजारं त्यावर चालतात. उबुंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्येही २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हेच आहे. हा नकार डावलायला '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावा असं सांगणाऱ्याला आधी ते नाव मोठ्याने वाचायला लावा.

आणि हो, व्हेन्व्हचं फोल्डर हलवू नका, आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ कोरलेले असतात. 'वायटी-डीएलपी'सारखी (व्हिडिओ उतरवणारं) सुटी अवजारं हवी असतील तर पिपएक्स वापरा, ते प्रत्येकाला स्वतःचं व्हेन्व्ह देतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप प्रोग्रॅम चालवणारी सोय) व्हेन्व्ह ॲक्टिव्हेट करायची गरज नाही, व्हेन्व्हच्या 'बिन'मधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या, चालतं.