ऑप्टिमायझेशन चालू केलं की सुरक्षा कमी होते का?

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत सिस्टीम प्रोग्रॅमिंगवर बोलायला जातो तेव्हा तास संपल्यावर कोणीतरी हमखास थांबतं आणि विचारतं, सर, कंपायलरला ओ-टू (कोड वेगवान करायला सांगणारा ऑप्टिमायझेशनचा पर्याय) दिलं की प्रोग्रॅम पळतो, पण एएसएलआरचं, म्हणजे मेमरीतले पत्ते दर वेळी बदलण्याचं काय, ते बिघडतं का? मागून दुसरा म्हणतो, मंग बंदच ठेवू ना भो ऑप्टिमायझेशन. मी घाईत दोन वाक्यं सांगतो आणि भुसावळला परत येताना गाडीत वाटत राहतं की नीट सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत लिहितो.

यावलकडे माझ्या आजीच्या घरात उतरंड होती, मडक्यावर मडकं. केळीचे पैसे आले की ती कधी डाळीच्या मडक्यात ठेवायची, कधी मिरच्यांच्या, आणि दर वेळी जागा बदलायची, म्हणजे चोर घरात शिरला तरी हात कुठे घालायचा ते त्याला कळू नये. एएसएलआर हेच करतं. प्रोग्रॅममध्ये चूक असली की हल्लेखोर त्याला स्वतःला हव्या त्या पत्त्यावर उडी मारायला लावू शकतो, पण तो पत्ता आधी माहीत पाहिजे ना. प्रत्येक वेळी स्टॅक, हीप (प्रोग्रॅमच्या कामाची मेमरी), लायब्ररी (आयता वापरायचा कोड) सगळं वेगळ्या जागी ठेवलं तर त्याला अंदाजच मारावा लागतो आणि अंदाज चुकला की बहुतेक वेळा प्रोग्रॅम कोसळतो. पॅक्स नावाच्या प्रकल्पाने २००१ मध्ये हे लिनक्ससाठी करून दाखवलं, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने २००३ मध्ये सगळ्यांसाठी चालूच करून दिलं, मूळ लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) २००५ ला आलं, विंडोजमध्ये व्हिस्टापासून.

आता घरात उतरंडीसोबत धान्याची मोठी कोठीही असते. मडकं कुठेही बसतं, कोठी मात्र दोन-तीन कोपऱ्यांतच बसते, आणि पैसे कोठीत ठेवायचे ठरवले तर चोराचं काम किती सोपं झालं बघा.

लिनक्समध्ये अगदी हेच झालं. मेमरीचं साधं पेज, म्हणजे एक तुकडा, ४ केबीचा असतो, आणि मोठी पेजं वापरली तर वेग वाढतो म्हणून कर्नल ५.१८ पासून ईएक्सटी-फोरसारख्या फाइलसिस्टीमवर २ एमबी किंवा त्याहून मोठ्या फायली, आणि लायब्ररीही फाइलच, २ एमबीच्याच रेषेवर, म्हणजे २ एमबीच्या पटीतल्या पत्त्यावर बसवायला लागले. हेतू चांगलाच होता. पण २ एमबी म्हणजे ५१२ साधी पेजं, म्हणजे पत्ता हलवणारे ९ बिट गेले, आणि एक बिट गेला की जागा निम्म्या होतात. ६४ बिटवर लायब्ररीला २८ बिटांचा पसारा होता, त्याचे १९ राहिले, म्हणजे साधारण २७ कोटी जागांवरून सव्वापाच लाखांवर. ३२ बिटवर तर मूळचेच ८ बिट, २५६ जागा, सगळ्या मिळून १ एमबीच्या आत, त्यावर २ एमबीची सक्ती केली की उरते एकच जागा. सी लायब्ररी तेवढी मोठी असेल तर दर वेळी त्याच पत्त्यावर! एएसएलआर चालू आहे असं सेटिंगमध्ये दिसतंय आणि प्रत्यक्षात काहीच हलत नाहीये. हे जाहीर झाल्यावर २०२४ मध्ये ३२ बिटवरची सक्ती कर्नलवाल्यांनी काढून टाकली.

हे ऑप्टिमायझेशन कर्नलचं होतं, कंपायलरचं नाही, ते मान्य. कंपायलरचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या घराण्यातल्या सी लायब्ररीत यादृच्छिक आकड्यांचं बी पेरणारं, म्हणजे ते आकडे कुठून सुरू व्हायचे ते ठरवणारं, एक फंक्शन होतं, आणि नेहमीचा मार्ग चालला नाही तर ते वेळ, प्रोसेसचा नंबर आणि जंक नावाचं एक व्हेरिएबल एकमेकांत मिसळायचं. जंकला मुद्दाम काहीच किंमत दिलेली नव्हती, मेमरीत जे पडलंय ते उचलू, तेवढाच जास्त गोंधळ, असा विचार. पण सी भाषेच्या नियमात न भरलेल्या व्हेरिएबलला ठरलेली किंमतच नसते, मग कंपायलर म्हणाला, त्याच्यात काहीही मिसळलं तरी उत्तर काहीही धरता येतं, तर मी मिसळू कशाला. वेळ विचारली, प्रोसेसचा नंबर विचारला आणि दोन्ही टाकून दिले. संशोधक शी वांग यांनी २०१२ मध्ये हे दाखवून दिलं. गोंधळ वाढवायला घातलेल्या एका ओळीने होता नव्हता तो गोंधळही घालवला.

माझ्या बाबतीत असं एकदा झालंय. एका पतसंस्थेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड वापरून झाला की मेमसेट या फंक्शनने मी ती जागा शून्याने भरायचो, आणि एक दिवस प्रोग्रॅम कोसळला तर कोअर डंपमध्ये, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीच्या नकलेत, पासवर्ड जसाच्या तसा. कंपायलरने बघितलं की ही जागा पुढे कोणी वाचतच नाही, मग पुसायची कशाला, आणि ओळच उडवली. त्याचं काही चुकलं नव्हतं, प्रोग्रॅमचं उत्तर तेच राहील एवढंच त्याचं वचन असतं. मेमरीत मागे काय उरलं, पत्ता ओळखता येतो का, हे त्या उत्तरात धरलेलंच नाही, आणि सुरक्षा तर नेमकी तिथेच असते. म्हणून एक्सप्लिसिट-बीझीरो हे फंक्शन आलं, सी भाषेच्या सी-२३ आवृत्तीत मेमसेट-एक्सप्लिसिट आलं, म्हणजे कंपायलरला सांगायचं की हे मला खरंच हवंय, उडवू नकोस.

कधीकधी तर सौदा उघडच असतो. ६४ बिट इंटेल-एएमडीवर लिनक्स कर्नल वरच्या २ जीबीतच राहणार असं धरून कंपायलर छोट्या, वेगवान सूचना काढतो, त्यामुळे कर्नलला हलायला साधारण १ जीबी, आणि तेही २ एमबीच्या ढांगांनी, म्हणजे जेमतेम पाचशे जागा.

तर ऑप्टिमायझेशन बंद करू नका. ओ-टू काढलं म्हणून वरचं लायब्ररीचं प्रकरण सुटलं नसतं, आणि न भरलेलं व्हेरिएबल ओ-टूशिवायही चूकच आहे. फक्त सोर्सकोड वाचून खात्री धरू नका, तयार झालेली बायनरी (कंपायलरने काढलेली मशीनच्या भाषेतली फाइल) उघडून बघा आणि चालत्या मशीनवर पत्ते मोजा.

धुळ्याच्या एका लॅबमध्ये आम्ही हेच केलं. मशीनवर सक्ती काढण्याआधीचा कर्नल आणि हिशोबाचा जुना ३२ बिट प्रोग्रॅम होता, तो दहा वेळा चालवला आणि पत्ते दाखवणाऱ्या प्रॉकमधल्या मॅप्स फाइलमधून सी लायब्ररीचा पत्ता फळ्यावर लिहीत गेलो, दहाही ओळी सारख्या. वर्ग एकदम गप्प झाला. शेवटच्या बाकावरच्या मुलाने ३२ बिटसाठीचं, पत्ता किती बिटांनी हलवायचा ते सेटिंग ८ वरून १६ केलं आणि पत्ते हलायला लागले. मग त्यानेच हिशोब मांडला की २ एमबीच्या सक्तीत १६ बिटांचेही ७ च उरतात, म्हणजे १२८ जागा, आणि म्हणाला, सर, हे तर दुपारपर्यंत फुटेल. तो प्रोग्रॅम आता लॅबवाले ६४ बिटवर आणतायत.