लास व्हेगासच्या शोधात अटलांटिक सिटी

लास व्हेगासचा विध्वंस दाखवणारा ‘आर्मी ऑफ द डेड’ जिथे घडला ती ठिकाणे पाहायची, तर लास व्हेगासला जाऊन फारसे काही हाती लागत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील अटलांटिक सिटीत जावे लागते. झॅक स्नायडर यांचा हा चित्रपट मे २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर आला. झॉम्बींनी, म्हणजे माणसांवर तुटून पडणाऱ्या चालत्याफिरत्या प्रेतांनी, व्यापलेल्या आणि भिंत घालून बंद केलेल्या शहरात शिरायचे, एका कॅसिनोच्या तळघरातील तिजोरी फोडायची आणि शहरावर अणुबॉम्ब पडण्याआधी वीस कोटी डॉलर घेऊन बाहेर पडायचे, एवढीच त्याची गोष्ट. गोष्टीपेक्षा ती पडद्यावर कशी उभी राहिली याचेच मला अधिक कुतूहल वाटत आले आहे, आणि अमेरिकेच्या प्रवासात थोडा वळसा घालून तो माग काढण्याची संधी मिळाली, तेव्हा मी ती सोडली नाही.

फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्थानकावरून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी साधारण दीड तासात अटलांटिक सिटीत पोहोचते. स्थानकातून समुद्राच्या दिशेने चालत गेले की प्रसिद्ध बोर्डवॉक लागतो. समुद्राला समांतर जाणारा हा लाकडी फळ्यांचा रस्ता १८७०मध्ये बांधण्यात आला, आणि त्यामागचे कारण अगदी साधे होते : पुळणीवरून परतणारे प्रवासी रेल्वेच्या डब्यांत आणि हॉटेलांच्या दिवाणखान्यांत वाळू घेऊन येत असत. जुगाराचा प्रवेश इथे बराच उशिरा झाला. १९७६च्या सार्वमताने कॅसिनोंना परवानगी मिळाली आणि मे १९७८मध्ये पहिला कॅसिनो उघडला. त्यानंतर शेजारच्या राज्यांनीही कॅसिनोंना मुभा दिली, गिऱ्हाईक विभागले गेले, आणि एकट्या २०१४ या वर्षात या शहरातील चार कॅसिनोंना टाळे लागले. बोर्डवॉकवरून फिरताना ही पडझड आजही जाणवते. एखादी इमारत गजबजलेली असते आणि तिच्यापुढची अगदी मुकी.

त्या चारांपैकी सर्वांत आधी, जानेवारी २०१४मध्ये, बंद पडला तो बोस्टन ॲव्हेन्यूच्या टोकाशी असलेला अटलांटिक क्लब. चित्रपटाच्या कॅसिनोतील प्रसंगांसाठी स्नायडर यांच्या चमूने २०१९मध्ये ही इमारत वापरली. बाहेरून पाहिले तर ती समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एक उंच इमारत आहे, इतकेच. आत जाण्याची सोय नव्हती आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. तिचा इतिहास मात्र तिच्या दर्शनी भागापेक्षा कितीतरी रंजक आहे. १९८०मध्ये कॅसिनो उद्योजक स्टीव्ह विन यांनी ती ‘गोल्डन नगेट’ या नावाने उघडली, पुढे मालक बदलत गेले तशी नावेही बदलत गेली, आणि अखेरीस दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ती विकत घेतली ती चालवण्यासाठी नव्हे, तर बंद करण्यासाठी. एकीने जुगाराची यंत्रे आणि टेबले नेली, दुसरीने इमारत घेतली आणि पुढे ती विकताना इथे पुन्हा कधी कॅसिनो चालवता येणार नाही अशी अट घातली.

चित्रपटवाल्यांना नेमकी अशीच जागा हवी असते. चालू कॅसिनो दिवसरात्र उघडा असतो. तिथले एक दालन चित्रीकरणासाठी काही आठवडे रिकामे करून घ्यायचे म्हटले, तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाईच निर्मात्याला परवडणार नाही, आणि दालन मिळाले तरी तिथे बंदुका चालवणे, रक्त सांडणे, भिंती फोडणे कोण करू देईल? इथे उंच छताची भव्य दालने, लांबच लांब मार्गिका आणि जिने तयार होते, आणि अडवायला कोणी नव्हते. गंमत अशी की, यंत्रे पूर्वीच विकली गेली असल्यामुळे कला दिग्दर्शिका ज्युली बर्गहॉफ यांच्या चमूला आधी हा ओसाड कॅसिनो पुन्हा कॅसिनोसारखा सजवावा लागला आणि मग तोच कॅसिनो वर्षानुवर्षे ओस पडल्यासारखा मळवावा लागला. पडद्यावरच्या त्या उजाडपणात एक वजन आहे, जे केवळ संगणकावर रंगवलेल्या अवशेषांत येत नाही, असे माझे मत आहे. खऱ्या मंदीने रिकामी केलेली वास्तू त्यामागे उभी आहे.

इमारतीसमोर उभे राहून मी मोबाइलवर चित्रपटातील काही चौकटी पाहिल्या आणि जागा ओळखण्याचा प्रयत्न किती फोल आहे हे लगेच कळले, कारण या चित्रपटात पार्श्वभूमी स्पष्ट दिसतच नाही. स्नायडर यांनी प्रथमच आपल्या चित्रपटाचे छायालेखनही स्वतः केले, आणि त्यासाठी कॅननची ५० मिलिमीटरची, एफ ०.९५ छिद्रमानाची जुनी लेन्स निवडली. १९६१च्या सुमारास स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली ही लेन्स छायाचित्रकारांमध्ये ‘ड्रीम लेन्स’ म्हणून ओळखली जाते. तिचे छिद्र इतके मोठे आहे की ते पूर्ण उघडे ठेवल्यास सुस्पष्टतेची पट्टी अगदी अरुंद होते : पात्राचे डोळे स्पष्ट आणि कान धूसर. रेड कंपनीच्या आधुनिक डिजिटल कॅमेऱ्यांवर ही लेन्स बसावी म्हणून तिला नवे आवरण देऊन घेण्यात आले, आणि चित्रपटाचा बराच मोठा भाग छिद्र पूर्ण उघडे ठेवून टिपला गेला. फोकस सांभाळणाऱ्या साहाय्यकाची यात काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कॅमेरा हाताळलेल्या कोणालाही येईल, कारण नट अर्धे पाऊल पुढे आला तरी चित्र हातचे जाते. पाठलागाच्या प्रसंगांत हा धूसरपणा मला थकवतो. शांत संवादांत मात्र तो माणसाला त्या भकास शहरापासून वेगळे काढतो आणि तिथे तो शोभतो. कॅमेऱ्यांच्या संवेदकातील दोषाने चित्रपटात काही ठिकाणी पांढरे ठिपकेही राहून गेले. प्रदर्शनानंतर अनेकांना आपला दूरचित्रवाणी संचच बिघडला असे वाटले, आणि मग तेच ठिपके इतरांनाही त्याच जागी दिसत असल्याचे उघड झाले.

मला सर्वांत थक्क करणारी हकीकत आहे ती टिग नोटारो यांची. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या, तोंडात सिगार धरून कोरडे विनोद करणाऱ्या पीटर्सची भूमिका त्यांनी केली आहे, पण अटलांटिक सिटीत किंवा न्यू मेक्सिकोत मुख्य चित्रीकरण झाले तेव्हा त्या तिथे नव्हत्याच. ती भूमिका मुळात एका विनोदी नटाने केली होती आणि २०१९च्या शरद ऋतूत चित्रीकरण संपलेही होते. पुढच्या वर्षी त्या नटावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि निर्मात्यांनी त्याला चित्रपटातून काढायचे ठरवले. साथीच्या काळात सर्व कलाकारांना पुन्हा एकत्र आणणे अशक्य होते. म्हणून नोटारो यांनी जवळजवळ सगळी भूमिका ग्रीन स्क्रीनसमोर, म्हणजे ज्याच्या जागी नंतर दुसरे चित्रण बसवता येते अशा हिरव्या पडद्यासमोर, एकटीने केली आणि दृश्यपरिणाम प्रमुख मार्कस टाओरमिना यांच्या चमूने जुन्या चित्रणातून आधीच्या नटाला पुसून तिथे त्यांना बसवले. आना दे ला रेगेरा यांच्याबरोबरचे थोडे काम तेवढे प्रत्यक्ष समोरासमोर झाले.

हे सांगायला सोपे वाटते. पण धूसर पार्श्वभूमीचा जो हट्ट वर सांगितला, त्यामुळे काम किती किचकट झाले असेल हे लक्षात घ्यावे. जुन्या चौकटीत नट जिथे उभा होता, त्याच अंतरावर, त्याच उंचीवर, त्याच प्रकाशात नोटारो यांना उभे करायचे; त्यांच्या केसांच्या कडा किती धूसर असाव्यात हेही जुन्या चित्रणाशी जुळवायचे; आणि दुसरे पात्र त्यांच्यासमोरून गेले, तर तेवढ्यापुरते त्यांना मागे दडवायचे. डेव्ह बटिस्टा या नायकाबरोबर पडद्यावर इतका वेळ दिसूनही चित्रीकरणात आपली त्यांची भेट झालीच नाही, हे नोटारो यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे. हे माहीत असूनही चित्रपट पाहताना मला जोड सापडतो तो क्वचितच, आणि सापडतो तेव्हाही नजरेच्या दिशेत, कडांमध्ये नाही.

न्यू मेक्सिकोतील ॲल्बुकर्की हा या प्रवासातील दुसरा थांबा. तिथे पाहण्यासारखे मात्र फारच थोडे होते. शहराच्या दक्षिणेला, मेसा डेल सोल भागात असलेले स्टुडिओ नेटफ्लिक्सने २०१८मध्ये घेतले. ते मी रस्त्यावरूनच पाहिले. पण विमानतळाच्या बाहेर पडताच दिसणारे कोरडे, तांबूस माळरान पाहिले की नेव्हाडाचे वाळवंट दाखवण्यासाठी हा मुलूख का निवडला असावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. चित्रपटातील झॉम्बींचा राजा झ्यूस आणि त्याची राणी हे दोघेही प्रत्यक्षात साहसदृश्ये करणारे कलाकार आहेत, रिचर्ड सेट्रोन आणि अथीना पेरॅम्पल. त्यांना संवाद नाहीत. सगळा अभिनय मान, खांदे आणि श्वासाचा, त्यामुळे चेहऱ्याच्या नटापेक्षा शरीर कह्यात असलेला कलाकार निवडणे योग्यच होते. आपल्या हुमा कुरेशी यांची गीता ही छावणीत अडकलेली, मुलांसाठी धोका पत्करणारी स्त्रीही याच चित्रपटात आहे. त्यांच्या वाट्याला आणखी प्रसंग यायला हवे होते, ही माझी तक्रार कायम आहे.

शेवटी मी लास व्हेगासला गेले. स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, चालताना चित्रपटातील ‘ब्लाय’चे जुळे मनोरे किंवा झॉम्बींचे ठाणे असलेले ‘ऑलिम्पस’ शोधू नयेत, कारण ती हॉटेले कल्पित आहेत. मी शोधत होते ती जागा मिराज हॉटेलची. चित्रपटातला व्हॅलेंटाइन हा झॉम्बी वाघ सिगफ्रीड आणि रॉय या जादूगारांचा असल्याचे एका संवादात येते, आणि ही खरीखुरी जोडी १९९०पासून मिराजमध्येच पांढऱ्या वाघांसह प्रयोग करीत असे. ऑक्टोबर २००३मध्ये भर प्रयोगात वाघाने रॉय हॉर्न यांना गंभीर जखमी केले आणि तो खेळ थांबला. मे २०२०मध्ये हॉर्न आणि जानेवारी २०२१मध्ये सिगफ्रीड फिशबाखर निवर्तले. म्हणजे त्यांच्या नावाचा हा वाघ पडद्यावर येण्यापूर्वीच दोघेही गेले होते. पडद्यावरचा वाघ संपूर्णपणे संगणकावर घडवलेला आहे. त्याच्या हालचाली आणि कातडीचा अभ्यास करण्यासाठी चमूने फ्लोरिडातील ‘बिग कॅट रेस्क्यू’ या आश्रयस्थानातील वाघाचा आधार घेतला, आणि चित्रीकरणाच्या वेळी वाघाच्या जागी साहसदृश्ये करणारा एक कलाकार नटांच्या अंगावर झेप घेत असे.

आणखी एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. चित्रपटातील तिजोरीचे नाव ‘गॉटरडॅमरुंग’, म्हणजे जर्मन संगीतकार वॅग्नर यांच्या ‘रिंग’ या चार संगीतनाटकांच्या मालिकेतील शेवटचे. मालिकेतील इतर नाटकांची नावे असलेल्या उरलेल्या तीन तिजोऱ्या मथियास श्वाइगहोफर यांनी दिग्दर्शित केलेल्या पूर्वकथेत येतात आणि त्यांतल्या एकीचे नाव ‘सिगफ्रीड’ आहे. वाघाचा मालक आणि तिजोरी यांची नावे मुद्दाम जुळवली असतील का, हे मी सांगू शकत नाही, पण स्नायडर यांच्यासारख्या, प्रत्येक चौकटीत काहीतरी दडवून ठेवणाऱ्या दिग्दर्शकाच्या बाबतीत शंका यायला जागा आहे.

मिराज १७ जुलै २०२४ रोजी कायमचे बंद झाले असून त्याच्या जागी गिटारच्या आकाराचे नवे हॉटेल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. कुंपणापलीकडे डोकावताना मला पुन्हा अटलांटिक सिटी आठवली, आणि तेही उगाच नव्हे. मिराज १९८९मध्ये उघडले ते स्टीव्ह विन यांनीच, आणि त्याआधी दोन वर्षे त्यांनी अटलांटिक सिटीतले गोल्डन नगेट, म्हणजे पुढचा अटलांटिक क्लब, ४४ कोटी डॉलरना विकले होते. वाघांचे घर उभे राहिले त्यामागे त्या विक्रीच्या पैशाचे बळ होते. चित्रपटातली टोळी जिवावर उदार होऊन जेवढी रक्कम पळवायला निघते, तिच्या दुपटीहूनही हा आकडा मोठा आहे.