डिशवॉशर, फिका आणि आमचे मामा

इकडे स्वीडनमध्ये आमच्या डिपार्टमेंटच्या किचनची पाळी या आठवड्यात माझी आहे. फ्रिजवर यादी लावलीये, प्रोफेसर असो की झाडूवाला, आठवडाभर डिशवॉशर लावायचा, रिकामा करायचा, ओटा पुसायचा, दूध संपलं की आणायचं. आणि कप उभा ठेवला की दुसऱ्या दिवशी तिथे चिठ्ठी चिकटलेली, ती पण स्मायली काढून!! डोकंच फिरतं. आईला सांगितलं तर म्हणे, "घरी कधी ताट उचललं नाहीस, पीएचडी करून तिकडे भांडी विसळायला गेलास का?"

मालमोहून ट्रेनने बारा-पंधरा मिनिटांवर आमचं गाव. नाव मराठीत लिहायची सोय नाही, तेव्हा राहू दे.

तर साडेनऊला फिका, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून कॉफी. सुरुवातीला मी जायचोच नाही, टाइमपास वाटायचा. तेव्हा माझा व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे हवा काढून टाकलेली प्रयोगाची बंद पेटी, तीन आठवडे लीक होत होता आणि मी गप्प, नवीन माणूस, लाज वाटायची. एकदा फिकाला तोंडातून निघून गेलं तर वर्कशॉपमधला रिटायरमेंटला आलेला टेक्निशियन कप ठेवून सोबतच आला, ओ-रिंग, म्हणजे झाकणाखालचं रबरी कडं, काढली, उजेडात धरली. एक केस अडकलेला. माझाच असणार. दुसऱ्या दिवशी फिकाला तोच विषय, कोणी हसलं नाही, उलट एका पोरीने झाकणाला गाईड लावायची आयडिया काढली, आता सगळी लॅब तेच झाकण वापरते.

इथली जुनी गोष्ट पण अशीच. १९५३ साली एडलर हा डॉक्टर आणि हर्ट्झ हा फिजिक्सवाला, दोघांनी मालमोच्या जहाज कारखान्यातून धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र उसनं आणलं आणि हृदयावर लावून बघितलं. मागच्या वर्षी नाशिकला मुंबई नाक्यावर बाबांचा टूडी एको काढला, त्याचं मूळ हे.

आता लगेच "बघा तिकडे कसं" असं म्हणत नाहीये हां. १९८९ साली सुरू झालेल्या आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी करून डिग्रीपर्यंत नेलं. हे काय इनोव्हेशन नाही? इथे कोणाला सांगितलं की भुवया वर जातात, मला बरं वाटतं.

पण मी ज्या कॉलेजात सहा वर्षं शिकवलं तिथल्या लॅबचे मामा, म्हणजे शिपाई, आठवतात. कुठला गॅल्व्हानोमीटर अडकतो, कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू कागदाची घडी घालून बसवायचा, सगळं त्यांना पाठ. स्टाफ मीटिंगला मात्र त्यांचं काम चहा आणायचं, ट्रे ठेवून बाहेर. मीही कधी "मामा, बसा" म्हटलं नाही. आता म्हणाल सिस्टिमच तशी, आणि खरंच एकेका बॅचला साठ पोरं, वरून नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांच्या, फायली, कुठे वेळ होता... तरी एक खुर्ची ओढायला किती लागतं.

असो, मशीन वाजतंय, कप काढायचेत. ओ-रिंगचा किस्सा मामांना सांगायचाय, नंबर मात्र कधी घेतलाच नव्हता. जुन्या स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर पाठवा प्लीज.